खराब शीटचा हिशेब

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकरोडला राहणारे ६१ वर्षांचे एक गृहस्थ. प्रेसमधून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. तिथे तीसेक वर्षं छापलेल्या शीट तपासण्याचं काम केलं. निवृत्तीनंतर चारच महिन्यांत थोरले भाऊ, अण्णा, गेले. वडील लवकर गेल्यावर यांना शिकवलं ते अण्णांनीच. त्यानंतर झोप उडाली, जेवणावरची वासना गेली, नातवंडांचा आवाजही सहन होईना. मुलीने हट्टाने मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्याचं निदान झालं, पाच महिने गोळ्या चालू आहेत. 'झोप लागते, चिडचिड कमी झाली, पण आतून सगळं कोरडं ठणठणीत आहे,' असं ते लिहितात.

डॉक्टरांनी जोडीला आर्ट थेरपी सुचवली. गंगापूर रोडला एक बाई सत्रं घेतात, एका सत्राचे हजार रुपये. आतापर्यंत तीन झाली. पहिल्या सत्रात यांनी पट्टी मागितली. दुसऱ्यात काळ्या खडूने पान भरून रेघा ओढल्या. तो कागद मागून घरी आणला, तर पत्नीने कौतुकाने फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली भाचीचं उत्तर आलं, 'काळा रंग म्हणजे डिप्रेशन. मामाला सांभाळा.' तिसऱ्या सत्रात बाईंनी माती दिली. यांनी तिचा गोळा केला आणि रडू फुटलं, अर्धा तास थांबेना. घरी आल्यावर दोन दिवस अंगात त्राण नव्हतं. मेहुणे म्हणतात, 'हा पोरखेळ सोडा, त्र्यंबकला जाऊन नारायण नागबली करा.'

त्यांचे प्रश्न असे: हा उपचार आहे की नुसता वेळ घालवणं? शाळेत चित्रकलेत कधी ३५च्या वर गेलो नाही, मला याचा काय उपयोग? इतका रडलो म्हणजे आजार वाढला का? आणि उपयोग होत असेल तर गोळ्या बंद करता येतील का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त एक ओळ वाचली: 'मी त्यांच्याकडे पट्टी मागितली.' सुरुवात तिथूनच करते, कारण ती ओळ तुम्ही ओशाळून लिहिली आहे आणि मला त्यात ओशाळण्यासारखं काही सापडलं नाही.

नाशिककराला 'प्रेस' म्हटलं की कुठली ते विचारावं लागत नाही. सिक्युरिटी प्रेस १९२५ची, नोटांची प्रेस १९२८ची. आमच्या शेजारी असेच एक निवृत्त काका राहायचे. लग्नाची पत्रिका आली तरी आधी ती उजेडाकडे धरायचे, छपाई कुठे सरकली आहे का ते बघायचे, आणि मग लग्न कुणाचं ते वाचायचे. तुम्ही लिहिलंय की खराब निघालेली शीटसुद्धा टाकून देता येत नाही, तिचाही हिशेब द्यावा लागतो. तीस वर्षं ज्याने कागदावरचा डाग हुडकला त्याच्यापुढे कोरा कागद सरकवून 'यावर काहीही करा' म्हटलं, तर तो पट्टी मागणार नाही तर काय करेल? 'काहीही' हा शब्द तुमच्या कामात होता कुठे?

त्या बाईंना तुमची पट्टी खटकली नसावी. या कामात कोणाच्या हातात काय द्यायचं याला फार महत्त्व असतं. पेन्सिल, पट्टी, स्केचपेन ही ताब्यात राहणारी साधनं. खडू त्याहून सैल. पातळ जलरंग आणि ओली माती तर हाताबाहेर जाणारीच. ज्याचं सगळं विस्कटलेलं आहे त्याला पहिल्या दिवशी पाणीदार रंग देत नाहीत, आणि ज्याने सगळं मुठीत आवळून धरलंय त्याला पायरीपायरीने सैल साधनांकडे नेतात. पट्टी, मग खडू, मग माती, हा तुमचा क्रम आपोआप लागलेला नसणार. माझं मत विचाराल तर माती एक-दोन सत्रं लवकर आली. पण मी पत्रावरून बोलतेय, खोलीत त्या होत्या.

आता ते ३५ गुण.

आपल्या पिढीला चित्रकला भेटली ती शाळेच्या तासाला, नाहीतर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला. समोर स्टुलावर तांब्या, बाजूला दोन वांगी, मागे चुरगळलेलं फडकं. तांब्याच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या नाहीत की गुण कापले. त्यामुळे 'मला चित्र येत नाही' याचा आपल्या तोंडी अर्थ 'माझा तांब्या तिरका येतो' एवढाच असतो. थेरपीच्या खोलीत तांब्या कसा आला हे तपासायला कोणी बसलेलं नसतं. तिथे बघतात ते वेगळंच: तुम्ही कागदाच्या कुठल्या कोपऱ्यातून सुरुवात केलीत, कुठे थांबलात, काय खोडलंत, खडू मोडला तेव्हा काय केलंत, आणि हे सगळं होताना तुम्हाला काय वाटत होतं.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. ३९ प्रौढ माणसांना ४५ मिनिटं दिली. माती घ्या, मार्कर घ्या, कागद कापून चिकटवा, हवं ते करा. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. ताण आला की शरीरात वाढणारं हे संप्रेरक. साधारण ७५ टक्के लोकांमध्ये ते उतरलं. तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे: चित्रकलेचा सराव असलेले आणि अजिबात नसलेले यांच्यात फरक दिसला नाही. अर्थात अभ्यास लहान, तुलनेला दुसरा गट नाही, आणि पाऊण तासात ताण उतरणं म्हणजे नैराश्य बरं होणं नव्हे. शिवाय उरलेल्या पावभर लोकांचं कॉर्टिसोल उतरलं नाही हेही ध्यानात ठेवा. प्रत्येक बैठक हलकं करूनच सोडते असं नाही.

'आर्ट थेरपी' हा शब्दही एका अडकून पडलेल्या माणसाकडून आलाय. एड्रियन हिल नावाचा ब्रिटिश चित्रकार १९३८ मध्ये क्षय झाला म्हणून सॅनेटोरियममध्ये भरती झाला. देवळालीची जुनी सॅनेटोरियमं ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ते दिवस कसे असतील याची कल्पना येईल. तेव्हा क्षयावर खात्रीचं औषध नव्हतं. पडून राहायचं, हवा घ्यायची, वाट बघायची. हिल पलंगाजवळ जे दिसेल ते काढत बसला. पुढे शेजारच्या रुग्णांना, मग युद्धात जखमी होऊन आलेल्या सैनिकांनाही त्याने चित्रं काढायला लावलं. १९४२ मध्ये त्याने या उद्योगाला हे नाव दिलं. त्यातले बहुतेक सैनिक तुमच्यासारखेच ३५ गुणवाले असतील असं मला आपलं वाटतं.

भाचीवर रागावू नका. तिने काळजीपोटी लिहिलं. पण काळ्या रंगाचं तिने जे केलं ते हल्ली सगळेच करतात. लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य, घराला खिडकी नाही म्हणजे मन बंद. असल्या तक्त्यांचा मोबाईलवर सुकाळ आहे. मला यांचा मनस्वी कंटाळा येतो. आपल्याकडे बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर लावतात ती तीट काळी. संक्रांतीला हौसेने काळी साडी नेसतात, मंगळसूत्राचे मणी काळे, आणि पंढरीचा तो तर काळाच. यातल्या कशाला नैराश्य म्हणायचं? तुम्ही काळा खडू का उचललात याची मला पत्रावरूनच चार कारणं दिसतात. तो हाताशी होता. छपाईच्या शाईची सवय. रंग निवडताना चूक होईल ही धास्ती. किंवा खरोखरच काळं काहीतरी आत होतं. कुठलं खरं ते तुम्हालाच ठाऊक, आणि कदाचित तुम्हालाही अजून नसेल.

ब्रिटनमधल्या नेदर्न मनोरुग्णालयात एडवर्ड ॲडमसन नावाच्या चित्रकाराने १९४६ पासून रुग्णांसाठी स्टुडिओ चालवला, तीसहून जास्त वर्षं. तो तिथे शिकवायचा नाही आणि चित्रांचे अर्थही लावायचा नाही. खोलीत शांतपणे असायचा, रंग-कागद हाताशी आहेत एवढं बघायचा. सगळे थेरपिस्ट इतके गप्प नसतात. बरेचजण नंतर चित्राबद्दल बोलतं करतात. पण चांगला थेरपिस्ट विचारतो, 'या रेघा तुम्हाला कशा वाटतायत?' तुमच्या रेघा काय सांगतात याचा निकाल तो स्वतः देत नाही. तुमच्या बाईंनी असा निकाल दिल्याचं पत्रात कुठे नाही, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल बरं मत झालं.

तो कागद मात्र घरी आणायला नको होता. बहुतेक ठिकाणी उपचार संपेपर्यंत चित्रं थेरपिस्टकडेच फोल्डरमध्ये ठेवतात, त्याचं कारण तुमच्या ग्रुपवर घडलं तेच. डॉक्टरांशी बोललेलं आपण चव्हाट्यावर मांडत नाही. ते चित्रही तसंच, तुमचं बोलणं आहे. वहिनींना सांगा, पोस्ट काढून टाका. त्यांनी चुकीच्या हेतूने काही केलेलं नाही, नवऱ्याने इतक्या महिन्यांनी काहीतरी हाताने केलं याचा आनंद झाला त्यांना. पुढच्या वेळी काही आणलंत तर त्यांनी 'छान झालंय' किंवा 'हे काय काढलंय?' यातलं काहीच म्हणू नये. 'दाखवावंसं वाटलं तर दाखवा,' एवढं पुरे. छान म्हटलं की पुढचंही छान यायला हवं. मग तुम्ही पुन्हा चेकिंगला बसाल.

आणि आता माती.

रडण्याबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात आणि त्यातल्या तीन माफी मागणाऱ्या आहेत. 'बाईंसमोर', 'या वयात', 'शोभत नाही'. अण्णा गेले तेव्हा रडलात का, हे पत्रात नाही. मला वाटतं तेव्हा तुम्हाला वेळच नसेल. धाकटे असलात तरी सगळं तुम्हीच केलंत, अण्णांची मुलं परगावाहून पोहोचेपर्यंत धावपळ तुमचीच, असं तुम्ही लिहिलंय. रामकुंडावर दशक्रियेला बसलेले लोक मी येता-जाता बघते, माझं घर पंचवटीत आहे. गुरुजी सांगतात तसे हात चालत असतात. पीठ मळायचं, पिंड वळायचे, दर्भ, तीळ, पाणी. मग कावळ्याची वाट. डोळ्यांत पाणी येण्याआधी पुढची सूचना येते. तुमच्या हातांनी पूर्वी असाच एक गोळा वळला होता, आणि चौदा महिन्यांनी गंगापूर रोडवरच्या एका खोलीत मातीचा गोळा वळताना...

बघा, केलं की मीही भाचीसारखंच. तुमच्या गोळ्याचा अर्थ मी पंचवटीत बसून लावून टाकला. वाक्य खोडणार होते, पण राहू देते. माझं म्हणणं चूकही असेल. माती गोळा न वळता चपटी केली असतीत तरी रडला असतात, असंही असेल. बाईंना मात्र विचारा, नव्हे सांगा, की रडू फुटलं तेव्हा मनात काय आलं होतं. काहीच आलं नव्हतं, असंही सांगता येतं.

आजार वाढला का, याचं उत्तर: नुसत्या रडण्यावरून तसं म्हणता येत नाही. नैराश्यात पुष्कळांची तक्रार रडू येत नाही हीच असते. तुमचाही शब्द 'कोरडं' असाच आहे. दोन दिवस गळून जाणं आणि मग पूर्ववत होणं यात मला घाबरण्यासारखं दिसत नाही. पण तीच अवस्था आठवडाभर राहिली, झोप पुन्हा उडाली, जेवण सुटलं, किंवा 'आपण नसलेलं बरं' असे विचार डोकावले, तर पुढच्या सत्राची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हे तुमच्यापुरतं नाही, हे सदर वाचणाऱ्या प्रत्येकाने क्रमांक फोनमध्ये भरून ठेवावा.

बाईंनाही एक सांगा: 'मला इतकं एकदम झेपलं नाही.' ही तक्रार होत नाही, ही त्यांना हवी असलेली माहिती आहे. त्या पुन्हा खडूकडे येतील, किंवा माती देतील पण ओली न देता घट्ट देतील, सत्र संपण्याआधी दहा मिनिटं नुसतं हात धुवायला, पाणी प्यायला, रस्त्यावर जाण्याजोगं व्हायला ठेवतील. गंगापूर रोडहून नाशिकरोड हे काही जवळ नाही. तसल्या मनाने स्कूटर चालवत जाऊ नका, त्या दिवशी रिक्षा करा किंवा मुलीला बोलवा.

गोळ्यांचं उत्तर सोपं आहे: नाही. मोठा अभ्यास बघायचा तर ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांना वर्षभर आठवड्याला एक गटातली आर्ट थेरपी जोडली, तरी लक्षणांत आणि रोजच्या जगण्यात मोजण्याजोगा फरक पडला नाही. पुष्कळजण सत्रांना फारसे आलेच नाहीत, हाही भाग होता. तुमचा आजार वेगळा, तुमची बैठक एकट्याची, त्यामुळे तो निकाल तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही. पण 'कला सगळं बरं करते' असं कोणी हसतमुखाने सांगायला लागलं की मला या ४१७ जणांची आठवण येते. नैराश्यावरच्या गोळ्या साधारणपणे बरं वाटू लागल्यानंतरही सहा महिने तरी चालू ठेवतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू उतरवत. एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थपणा, झोपमोड होते आणि आजार उलटण्याची भीती असते. गोळ्यांनी झोप दिली, म्हणूनच तुम्ही त्या खोलीत तासभर बसू शकलात. दोन्ही चालू द्या.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. नारायण नागबली हा त्र्यंबकेश्वरचा तीन दिवसांचा विधी, तुम्हाला मी काय सांगणार. त्यातल्या नारायणबलीत गव्हाच्या पिठाचा देह करून त्यावर अंत्यसंस्कार करतात. मेहुणे मातीला पोरखेळ म्हणतात आणि कणकेकडे पाठवतात, याचं मला जरा हसू आलं. त्यांना सांगू नका. विधी करायचा की नाही हा तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि त्यात मी पडत नाही. दोष लागलाय, आता घरावर काही येईल, या भीतीने कोणी नेत असेल तर मात्र जाऊ नका. घाबरलेल्या मनाला आणखी घाबरवून बरं करता येत नाही. अण्णांसाठी आपल्याला काहीतरी करायचंय, अण्णांच्या मुलांबरोबर तीन दिवस राहायचंय, असं वाटत असेल तर खुशाल जा. गोळ्यांची पाकिटं बरोबर ठेवा आणि उपासाच्या नावाखाली त्या चुकवू नका.

आता थोडं इतर वाचकांसाठीही, कारण गेल्या वर्षभरात 'आर्ट थेरपी कुठे मिळेल' अशी विचारणा वाढली आहे. ब्रिटनमध्ये 'आर्ट थेरपिस्ट' हे बिरुद कायद्याने राखलेलं आहे, नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. आपल्याकडे तशी नोंदणी अजून रुळलेली नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, ती तपासता येते. आर्ट थेरपिस्टच्या पाटीची मात्र अशी सहज खात्री करता येत नाही. म्हणजे दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेली व्यक्ती आणि मानसशास्त्र शिकून वर्षानुवर्षं देखरेखीखाली काम केलेली व्यक्ती, दोघींच्या दारावर एकच पाटी असू शकते. तेव्हा संकोच न करता विचारा: शिक्षण कुठे झालं, किती काळाचं? तुमच्या कामावर देखरेख कोणाची आहे? माझी चित्रं कुठे राहतील, कोण बघेल? माझ्या परवानगीने माझ्या डॉक्टरांशी बोलाल का? मी कोसळलो तर काय कराल? ज्यांना हे प्रश्न आवडतात त्यांच्याकडे जा. 'आमच्याकडे या, गोळ्यांची गरजच पडणार नाही' म्हणणाऱ्याकडे पाऊल टाकू नका. पहिल्याच दिवशी चित्र बघून तुमचं बालपण सांगणाऱ्याकडेही नको.

चित्रकलेचा क्लास, मंडलाची रंगवायची वही, रांगोळी, भरतकाम, हे सगळं मनाला चांगलंच आहे. ठिपक्यांची रांगोळी घालताना अर्धा तास दुसरा विचार येत नाही, हे आमच्या आईला कोणा शास्त्रज्ञाने सांगावं लागलं नव्हतं. करी आणि कॅसर या दोघा संशोधकांनी २००५ मध्ये ८४ विद्यार्थ्यांवर पाहिलं तेव्हा कोऱ्या कागदावर रंगवण्यापेक्षा आखीव आकृती रंगवल्याने घालमेल जास्त उतरली, म्हणजे तुमच्या पट्टीच्या बाजूनेही पुरावा आहे म्हणा. पण याला थेरपी म्हणत नाहीत. थेरपीत शेजारी एक माणूस असतो, जे वर येईल ते सांभाळायला शिकलेला. ज्यांना हजार रुपये परवडत नाहीत त्यांनी आधी उपचार बघावा, कला मागाहून. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची सोय अगदी कमी खर्चात होते. तिथे रंग मिळणार नाहीत, पण निदान आणि औषध मिळेल. रंगाचं घरीही भागतं.

घरी कसं, ते तुम्हाला सांगते. नवी वही आणू नका. कोऱ्या वहीचं पहिलं पान खराब करणं तुमच्या जिवावर येईल. पाठकोरे कागद घ्या: जुन्या कॅलेंडरची पानं, विजेच्या बिलाची मागची बाजू. खोडरबर हाताशी नको. गजर लावा, वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. सकाळी बसा, रात्री एकट्याने माती किंवा अण्णांचे फोटो काढून बसू नका. कोपऱ्यात तारीख घाला, ती शिस्त तुमची आहे आणि ती सोडायचं कारण नाही. आणि आठवड्यातून एकदा, हे मुद्दाम तुमच्यासाठी, एक वर्तमानपत्र घेऊन नुसतं फाडा. उभं, आडवं, जमेल तसं. तुकडे आवडले तर खळीने पुठ्ठ्यावर चिकटवा, नाहीतर केराच्या टोपलीत. त्या फाडलेल्या कागदाचा हिशेब कोणीही मागणार नाही. सुरुवातीला छातीत धस्स होईल बहुतेक. झालं तर ते बाईंना सांगा.

तीन सत्रांवरून निकाल लावू नका. बाईंशी बोलून आठ-दहा सत्रं ठरवा आणि मध्ये एकदा दोघांनी मिळून बघा: घरात पुन्हा कोणाशी दोन वाक्यं बोलावीशी वाटतात का, नातवाचा आवाज आधीइतका टोचतो का, अण्णांचं नाव निघालं की उठून जावंसं वाटतं का. काहीच हललं नाही तर थांबवा. काहींना बोलण्याने बरं वाटतं, काहींना चालण्याने. डॉक्टर दुसरं सुचवतील.

आणि पट्टी बरोबर न्या. लपवून नेऊ नका, पिशवीतून काढून टेबलावर ठेवा आणि विचारा की हिचं काय करता येईल. तिच्या कडेने रंग ओढता येतो, माती कापता येते, ती वाकवून सोडली तर आवाजही छान येतो.

एक राहिलं. तुमचं पत्र आखीव कागदावर, चारी बाजूंनी समास सोडून लिहिलेलं आहे. पण तिसऱ्या पानावर, जिथे अण्णांनी तुम्हाला पहिल्यांदा सायकलवर डबलसीट बसवून कामावर सोडलं ते लिहिलंय, तिथे समासात पेनाने काहीतरी गिरवलेलं आहे. एकावर एक, कागद फाटेपर्यंत. तुमच्या ध्यानात आलं नसेल. पत्र सदरासाठी थोडक्यात उतरवून घेतलं त्यात ते घेतलेलं नाही, कोणाला दाखवलंही नाही. पान घडी न घालता मोठ्या पाकिटात टाकून तुमच्या पत्त्यावर परत पाठवते आहे. सोमवारपर्यंत पोहोचावं.